रेबीजच्या लशीआधी लुई पाश्चर चिमट्यानं स्फटिक निवडत बसला होता

लुई पाश्चर म्हटलं की रेबीजची लस आणि पाश्चराइज्ड दूध आठवतं. पण त्याचं नाव पहिल्यांदा झालं ते टार्टारिक आम्लामुळं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या चिंचेला आंबटपणा देणारं हेच आम्ल.

१८२२ साली फ्रान्समधल्या डोल गावी, कातडी कमावणाऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. पॅरिसला शिकताना त्याला एका कोड्यानं पछाडलं. द्राक्षांच्या वाइनच्या गाळातलं टार्टारिक आम्ल ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवायचं. त्याच घटकांचं रेसिमिक आम्ल मात्र ढिम्म!

१८४८ मध्ये पंचविशीतल्या पाश्चरनं रेसिमिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक नीट न्याहाळले. ते दोन प्रकारचे निघाले, उजव्या आणि डाव्या हातासारखे. चिमट्यानं एकेक उचलून त्यानं दोन ढीग केले. एकाचं द्रावण प्रकाश उजवीकडं फिरवायचं, दुसऱ्याचं डावीकडं. एकत्र असताना दोघं एकमेकांना रद्द करत होते. ज्येष्ठ शास्त्रज्ञ बियो यांना हे पटेना. त्यांनी आपलीच रसायनं देऊन डोळ्यांदेखत प्रयोग करायला लावला. तो जमला. अर्थात हवामानाचीही साथ होती. हे स्फटिक साधारण २७ अंशांखालीच असे वेगळे होतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात पाश्चरच्या हाती काही लागलं नसतं!

या डाव्या-उजव्याचं महत्त्व काय? आपल्या शरीरातली प्रथिनंही एकाच 'हाताची' असतात. त्यामुळं औषधाचा एक हात लागू पडतो, दुसरा निरुपयोगी किंवा घातकही ठरू शकतो. पण टनावारी औषध चिमट्यानं कोण निवडणार?

१८५३ मध्ये पाश्चरनं सिंकोनाच्या सालीतल्या द्रव्यांपासून बनवलेले पदार्थ वापरून आम्लाचे दोन्ही हात वेगळे केले. सिंकोना म्हणजे कोयनेलचं झाड. मलेरियाशी झुंजणाऱ्या गडचिरोलीला कोयनेल काय ते सांगायला नको. तरी अडचण उरलीच: नको असलेला अर्धा माल वाया.

नंतर पाश्चर जंतूंकडं वळला. १८६८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, तरी काम थांबलं नाही. १८८५ मध्ये रेबीजची लस यशस्वी झाली, १८९५ मध्ये तो गेला.

१९१२ मध्ये ब्रेडिग आणि फिस्के यांनी कोयनेलच उत्प्रेरक म्हणून वापरलं, तेव्हा एक हात किंचित जास्त तयार झाला. २००० साली बेंजामिन लिस्ट यांनी प्रोलिन या साध्या अमिनो आम्लानं आणि डेव्हिड मॅकमिलन यांनी दुसऱ्या छोट्या सेंद्रिय रेणूनं हवा तो हात भरपूर मिळवला. महागडा धातू नाही आणि अर्धा माल फेकणंही नाही. २०२१ चं नोबेल त्याचंच. सिंकोनापासून बनवलेले उत्प्रेरक आजही वापरात आहेत.