बॅटरीवाले एडिसन

आपल्या वर्गातला छोटा रोबो सर्वांनी पाहिलाच आहे. तो मी आणि मामाने बनवला. मोटारी आणि चाके उल्हासनगरच्या बाजारातून आणली. पहिले साधे सेल दोनच दिवसांत संपले. मग मामाने चार्ज होणारे सेल आणून दिले. (मामा अंबरनाथला कंपनीत कामाला आहे.) असे सेल कोणी शोधले हे विचारता विचारता थॉमस आल्वा एडिसन यांची माहिती मिळाली. त्यांचा बल्ब सर्वांना माहीत आहे. मी बॅटरीची गोष्ट सांगते.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेत झाला. लहानपणी थॉमस शाळेत थोडेच महिने गेला. आईनेच त्याला घरी शिकवले. पुढे तो आगगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. आपल्या बदलापूर लोकलमध्ये विकणारे येतात ना, तसाच! सामानाच्या डब्यात त्याने प्रयोगशाळा मांडली होती. एकदा तिथे आग लागली आणि त्याला सगळे सामान घेऊन उतरावे लागले.

मोठा झाल्यावर तो तारमास्तर झाला. तारेला वीज लागायची, ती बॅटरीतून यायची. एका रात्री त्याने बॅटरीवर प्रयोग करताना तेजाब सांडले. ते फळ्यांतून झिरपून खालच्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर पडले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

नंतर १८७७ मध्ये त्यांनी फोनोग्राफ केला आणि १८७९ मध्ये बल्ब. ते खूप प्रसिद्ध झाले. पन्नाशी उलटल्यावर त्यांना वाटले, मोटारगाडी विजेवर चालावी. पण तेव्हाच्या चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या. फार जड, आणि आत तेच तेजाब! म्हणून त्यांनी लोखंड आणि निकेल घेतले, आणि तेजाबाऐवजी पोटॅशचे पाणी. वीज वापरली की आतल्या धातूंत बदल होतो. बाहेरून उलटी वीज दिली की ते पुन्हा पहिल्यासारखे होतात. यालाच आपण चार्जिंग म्हणतो. त्याच काळात स्वीडनमध्ये युंगनर नावाचे शास्त्रज्ञही निकेलची बॅटरी करत होते.

हजारो प्रयोग झाले आणि बॅटरी बाजारात आली. पण काही बॅटऱ्या गळायला लागल्या, काहींची ताकद कमी झाली. १९०४ मध्ये एडिसन यांनी बॅटऱ्या विकणेच बंद केले. एवढा मोठा माणूस, लोक काय म्हणतील असे त्यांना वाटले असेल का? ते परत कामाला बसले. निकेलचे अगदी पातळ पापुद्रे करून नळ्यांत ठासून भरले. पाच वर्षे गेली. १९०९ मध्ये चांगली बॅटरी तयार झाली, तेव्हा ते ६२ वर्षांचे होते!

पण तोपर्यंत पेट्रोलच्या गाड्या पुढे गेल्या होत्या. मला इथे फार वाईट वाटले. तरी त्यांच्या बॅटऱ्या वाया गेल्या नाहीत. खाणीतल्या कामगारांच्या टोपीवरचे दिवे आणि रेल्वेतले दिवे त्यावर लागत. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी एडिसन वारले.

आमच्या रोबोच्या सेलमध्ये वीज साठवायला लोखंड नाही, पण निकेल आहे, आणि पोटॅशही आहे. एक सेल १.२ व्होल्टचा असतो, एडिसन यांचाही तेवढाच होता. तीन सेल लावले की रोबो पळतो. साधे सेल मात्र चार्जरमध्ये घालू नका, ते फुटू शकतात. मी रात्री सेल चार्जिंगला लावते. लाइट गेली तर सकाळी रोबो हलतच नाही! रोबो वर्गातल्या कपाटावर ठेवला आहे. पालकांनी जरूर बघून जावे.

— इयत्ता ४ थी