दगडांची साक्ष पारखणारे डॉ. सांकलिया

हरियाणातील फरीदाबाद जिल्ह्यात अनंगपूर व मांगर परिसरातील अरवलीच्या टेकड्यांवर पुराश्मयुगीन मानवाची दगडी हत्यारे आढळली आहेत. याच टेकड्यांत अनेक वर्षे दगडाच्या खाणी होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तेथील खाणकाम थांबविले. अशा ठिकाणी पायाखालचा तुकडा माणसाने घडविला, निसर्गाने फोडला की सुरुंगाने उडविला, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते. भारतात ही पारख रुजविणाऱ्यांमध्ये डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे नाव अग्रभागी आहे.

सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. लंडन विद्यापीठातून १९३७ मध्ये पीएच. डी. मिळविल्यानंतर १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये प्राध्यापक म्हणून रुजू झाले. साबरमतीपासून गोदावरीपर्यंत त्यांनी नद्यांचे काठ पायी धुंडाळले. नाशिकजवळील गंगापूर येथील हत्यारांवरील त्यांचा ग्रंथ १९५२ मध्ये प्रकाशित झाला. ज्ञानेश्वरीमुळे सर्वपरिचित असलेल्या नेवासे येथे प्रवरेच्या वाळू-गोट्यांच्या थरांतून त्यांनी मध्य पुराश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली.

नदीच्या प्रवाहात आपटून किंवा उष्णता व थंडीने दगड फुटतो, तेव्हा त्याचे घाव वाटेल तसे पडतात. माणूस मात्र योग्य कोन साधून आघात करतो. निघालेल्या छिलक्यावर आघातबिंदूलगत फुगीर उंचवटा दिसतो, तर मूळ दगडावर खोलगट खूण राहते. असा एकच घाव निसर्गातही पडू शकतो. परंतु दोन्ही बाजूंनी क्रमाने छिलके काढून साधलेली सलग धार सहसा हेतूची साक्ष देते. प्राचीन घावांवर कालौघात पुटे चढतात, सुरुंगाचे घाव मात्र ताजे दिसतात. घडणीची ही तंत्रे, हत्यारांची नावे आणि त्यांचे संभाव्य उपयोग सांकलिया यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात विशद केले.

तथापि, ही पारख तज्ज्ञांनाही सदैव सोपी नसते. सांकलिया यांनी १९६९ मध्ये काश्मीरमधील पहलगामजवळ लिद्दर नदीच्या खोऱ्यात एक मोठा छिलका व ओबडधोबड हातकुऱ्हाड शोधून काढली. हिमनदीच्या रेट्यानेही दगड फुटत असल्याने त्या वस्तूंविषयी पुढे काही अभ्यासकांनी शंका उपस्थित केल्या. एखाद-दुसऱ्या तुकड्यापेक्षा एकाच थरातील अनेक वस्तूंचा समूह अधिक विश्वासार्ह मानला जातो, तो यासाठीच.

भारत सरकारने १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. फरीदाबादच्या टेकड्यांवर आजही हाच विवेक आवश्यक आहे. कारण चुकीच्या पारखीने साधी खडी इतिहास ठरू शकते आणि खरा इतिहास खडीच्या ढिगात कायमचा हरवू शकतो.