लोखंडी नांगराचे कारभारी : लक्ष्मणराव किर्लोस्कर



आपल्या भित्तिपत्रकात आजवर संत आले, शूर राजे आले, देशासाठी तुरुंगात गेलेले पुढारी आले. कारखाना चालवणारा माणूस मात्र अजून आला नाही. मागल्या महिन्यात सातवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले की कंपनीचा सर्वांत मोठा साहेब दिवसभर करतो तरी काय? कोणी म्हणाले, सह्या करतो. कोणी म्हणाले, नुसता ओरडतो. वर्ग खो खो हसला. प्रश्न मात्र चांगला होता. त्याचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडते, म्हणून ते इथे लिहीत आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांचे मन चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. पण तिथे कळले की काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत. ज्याला रंग दिसत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा एखादा मुलगा रडत घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी काय केले? यंत्रांची चित्रे काढायला रंग लागत नाहीत, रेघ सरळ लागते आणि माप बरोबर लागते. ते तेच शिकले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांचे रेखाटन शिकवणारे मास्तर झाले. म्हणजे बरं का, तेही आपल्यासारखे मास्तरच! फावल्या वेळात ते कारखान्यातली यंत्रे खोलून पाहत, पुन्हा जोडत. इंजिनिअरची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

१८८८ साली त्यांनी आणि त्यांचे भाऊ रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामुअण्णा त्या विकीत. सायकल विकायची तर ती चालवायलाही शिकवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे मुंबईच्या नोकरीत त्यांची बढती डावलली गेली आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्यांनी पाहिले की शेतकरी कडबा विळ्याने तोडत बसतो, म्हणून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग पाहिले की लाकडी नांगर जमीन नुसती ओरबाडतो. लोखंडी नांगर मातीचा थर उलटा करतो. हराळीची मुळे वर येतात आणि उन्हाने वाळतात. हे आपल्या काळ्या जमिनीतल्या लोकांना सांगायला नको. त्या काळी असे नांगर विलायतेहून येत. लक्ष्मणरावांनी आपल्याच देशात नांगर बनवला.

पण तो कोणी घेईना! लोखंडाने जमिनीला विष चढते, असा तेव्हा लोकांचा समज होता. दोन वर्षे नांगर पडून राहिले. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे, म्हणून मला त्या लोकांचा राग येत नाही. ज्याचे सारे घर एका वावरावर चालते तो नव्या वस्तूला भिणारच. लक्ष्मणरावांनीही शेतकऱ्याला अडाणी म्हणून दूर लोटले नाही. ते नांगर बनवीत राहिले. हळूहळू एकाने घेतला. त्याचे वावर पाहून दुसऱ्याने घेतला. असा विश्वास जमला. मोठ्या साहेबाचे पहिले काम मला हेच वाटते : आपली वस्तू ज्याच्या हाती जायची आहे त्याची अडचण आधी समजून घेणे, आणि त्याला पटेपर्यंत दम धरणे.

पुढे आणखी एक संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला त्यांची जागा हवी होती, म्हणून कारखाना हलवावा लागला. त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली? निवडुंगाचे रान आणि साप! १९१० साली लक्ष्मणराव सुमारे २५ कामगारांना घेऊन त्या माळावर उतरले. त्यांनी रान साफ केले, घरे उभारली, भट्टी पेटवली. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. पुढे त्या स्टेशनालाही तेच नाव मिळाले. कारखाना म्हटला की आपल्याला मुंबई-पुणे आठवते. हा कारखाना मात्र उजाड माळावर उभा राहिला, आपल्याकडच्या पडीक टेकाडासारख्या.

आणि तिथे नुसता कारखानाच नव्हता. ती एक वस्तीच होती. त्या वस्तीत शिवाशीव पाळायला बंदी होती. ज्या काळात पाणवठे वेगळे होते त्या काळातली ही गोष्ट आहे. आणखी एक नवल ऐका. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतले. काम कोणते दिले? रात्रीची राखण! ज्यांना लोक चोर म्हणत त्यांच्याच हाती त्यांनी वस्ती सोपवली. माणसावर विश्वास टाकला तर माणूस त्या विश्वासाला जागतो, अशी त्यांची समजूत होती.

मुलांनो, इथे जरा थांबा. वर्गात कोणाचा पेन हरवला की सगळ्यांची बोटे आधी कोणाकडे वळतात, हे तुम्हांलाही ठाऊक आहे आणि मलाही. बेड्यावरून येणारी आपलीच भावंडे तेव्हा खाली मान घालून बसतात. पेन बहुतेक वेळा दप्तराच्या तळाशीच सापडतो. लक्ष्मणरावांचे चरित्र मी तुम्हांला सांगतो आहे ते यासाठीही.

नांगरामागून उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप निघू लागले. १९२० साली वाडीतून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झाले. पुतणे शंकरराव त्याचे संपादक होते. कारखान्याच्या बातम्यांचे ते पत्रक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने महाराष्ट्रभर गाजले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आला, तेव्हा लक्ष्मणरावांनी त्याच्यावर जबाबदारी टाकली. सगळे काम आपल्याच मुठीत धरून ठेवणाऱ्याचा कारखाना त्याच्याबरोबरच म्हातारा होतो. त्यांचा तसा झाला नाही. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही कितीतरी विहिरींवर हे नाव तुम्ही वाचले असेल.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

तर साहेब दिवसभर काय करतो? चांगला असेल तर तो विचारतो, पाहतो, शिकतो, चुकले तर पुन्हा करतो, आणि दुसऱ्याच्या हाती विश्वासाने काम देतो. यासाठी पदवी, गाडी किंवा खुर्ची लागतेच असे नाही. वर्गाचा मंत्री, शाळेच्या बागेचा प्रमुख, घरी लहान भावंडांना सांभाळणारी ताई, या साऱ्यांना हे जमण्यासारखे आहे.

या आठवड्यात एक काम करा. घरच्या डवऱ्याला, तिफणीला किंवा विळ्याला नीट न्याहाळा. माय आणि बाप ते वापरताना कुठे थकतात, कुठे हात दुखतो, ते विचारा आणि वहीत चित्र काढून आणा. रंग नसले तरी चालेल. रेघ सरळ हवी.

तुमचे गुरुजी