गिरणीतल्या बाळांचे वकील : नारायण मल्हार जोशी

मस्कत शहराच्या पश्चिम अंगाला, बौशर विलायतीत, गाला नावाची वस्ती आहे. तिथे वर्कशॉप, गोदामे, मोटारींची दुकाने आणि कंपन्यांची कार्यालये आहेत. पोटासाठी ओमानला गेलेल्या हिंदी लोकांत आपले मराठी बोलणारे लोकही आहेत. त्यांच्यातील एखादी बाई गालाच्या एखाद्या कार्यालयात नोकरीला असली आणि तिला मूल झाले, तर कायद्याने तिला ९८ दिवसांची भरपगारी रजा मिळते. ती कामावर परत आली की बाळासाठी रोज एक तास मोकळा मिळतो, आणि तोही वर्षभर. ओमानमध्ये २०२३ साली दोन शाही फर्माने निघाली, एक श्रमाच्या कायद्याचे आणि दुसरे सामाजिक संरक्षणाचे. त्यांतून हे आले. १९ जुलै २०२४ पासून या रजेचा पगार एका विम्यातून मिळू लागला, आणि हा विमा परदेशी नोकरदारांनाही लागू आहे.

वाचकहो, ९८ दिवस म्हणजे बरोबर १४ आठवडे. हा आकडा ओमानने मनाने काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या २००० सालच्या करारात तो आहे. त्या कराराचा आजा म्हणावा असा पहिला करार १९१९ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे झाला. त्या परिषदेत हिंदुस्थानच्या मजुरांच्या वतीने एक मराठी शाळामास्तर बसला होता. त्यांचे नाव नारायण मल्हार जोशी. मुंबईत त्यांच्या नावाचा मोठा रस्ता आहे, त्यामुळे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण बाळंतिणीच्या रजेशी त्यांचा काय संबंध, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. हे गोरेगाव मुंबईचे उपनगर नव्हे. हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले गाव. याच कोकणपट्टीतून आपल्या बेटावरचे अनेक पूर्वज मुंबई बंदरात आले आणि जहाजात बसले. जे जहाजात बसले नाहीत त्यांच्यातले पुष्कळ गिरणीत शिरले. एका गावचा एक भाऊ मॉरिशसच्या उसात आणि दुसरा परळच्या साच्यावर, असेही झाले असेल. म्हणून जोशींची गोष्ट ही काही आपल्याला परकी गोष्ट नाही.

पुण्यात शिक्षण घेऊन १९०१ साली ते पदवीधर झाले आणि सुमारे आठ वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. १९०९ साली ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथे पगार जेमतेम, आणि देशसेवेला आयुष्य वाहून घ्यायचे, अशी रीत होती. आम्ही शिक्षक लोक शाळा सोडून दुसरीकडे गेलो तरी हजेरीपट सोडत नाही, असे माझे मत आहे. जोशींचे तसेच दिसते. पुढे त्यांनी भाषणे गाजवली नाहीत. आकडे जमवले, अहवाल वाचले, आणि जिथे मजुराचा प्रश्न निघेल तिथे ते उभे राहिले.

१९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे तिने मजुरांच्या वस्तीत केली. या कामामुळे जोशी चाळीत शिरले. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन. गिरणीतील साधारण पाचांतली एक कामगार बाई असे. रिळे भरण्याच्या आणि कचरा निवडण्याच्या खात्यांत त्या काम करीत. तान्हे मूल असले तर ते दिवसभर कोणाच्या स्वाधीन करायचे? म्हातारी सासू असली तर ठीक. नाहीतर शेजारीण, नाहीतर पाच-सहा वर्षांची थोरली मुलगी. मूल रडू नये म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. तिला बाळगोळी असे गोड नाव होते! मूल झोपून राही, भूक मागत नसे. इकडे गिरणीत आईची छाती भरून दुखे आणि काही दिवसांनी दूध आटे. मूल जितके पिते तितके दूध येते, हा निसर्गाचा हिशेब आहे. दहा तास पाजले नाही तर दूध टिकणार कसे?

मुंबईत १९२१ साली नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भके वर्षाच्या आत मेली. यात थोडी खोट आहे, कारण पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. त्यामुळे जन्माची नोंद तिकडे आणि मरणाची मुंबईत होई. पण खोट काढून टाकली तरी उरतो तो आकडा वाचवत नाही.

आता वॉशिंग्टनकडे वळू. पहिले महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्माला आली आणि तिची पहिली परिषद १९१९ च्या अखेरीस भरली. हिंदुस्थानच्या सरकारने मजुरांचा प्रतिनिधी म्हणून जोशींना पाठवले. मजुरांनी निवडून द्यावे तर देशभराची मजूर संघटनाच तेव्हा नव्हती. या परिषदेत बाळंतिणींबद्दल करार झाला. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घ्यायचे नाही. दाखला दिल्यास आधीचे सहा आठवडेही तिला कामावरून जाता येईल. या काळात तिला व बाळाला पुरेल इतका पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून मिळेल. डॉक्टर किंवा सुईण फुकट. रजेवर असताना तिला काढून टाकायचे नाही. आणि कामावर आल्यावर दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास.

शंभर वर्षांपूर्वीचा हा करार आहे, हे ध्यानात घ्या. गालाचा एक तास आणि वॉशिंग्टनचे दोन अर्धे तास यांची बेरीज एकच आहे. आपल्या बेटावर २०१९ च्या कामगार हक्क कायद्यातही दूध पाजणाऱ्या आईला रोज एक तास किंवा दोन अर्धे तास दिलेले आहेत. तो मुळात आला कुठून, ते आता कळेल.

हिंदुस्थानला मात्र हा करार बांधला गेला नाही. सरकारने आपल्याकडील बायकांच्या कामाची चौकशी करून पुढे माहिती द्यावी, एवढेच ठरले. या चौकशीसाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरला नेमले. त्यांनी गिरण्यांत आणि चाळींत हिंडून पाहिले, आणि १९२२ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. गिरणीत काम करणाऱ्या बहुतेक बायका मुलांना अफू देतात, हे सरकारी कागदावर आले. टाटांच्या गिरण्यांसारख्या थोड्या ठिकाणी मालकांनी आपण होऊन बाळंतिणीला पैसे देणे सुरू केले होते. बाकी ठिकाणी काही नाही.

वॉशिंग्टनहून आल्यावर जोशींची कामे वाढतच गेली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष होते, आणि स्थापना करणाऱ्यांत जोशी प्रमुख होते. १९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात मजुरांचे प्रतिनिधी म्हणून सरकारनियुक्त सभासद झाले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते तिथे होते. १९२१ मध्येच त्यांनी मजूर संघांना कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव मांडला, आणि १९२६ साली तसा कायदा झाला.

पण मला सांगायचे आहे ते त्यांच्या हरलेल्या कामाबद्दल. १९२४ साली त्यांनी विधिमंडळात बाळंतिणींच्या साहाय्याचे विधेयक आणले. गिरण्या-कारखाने, खाणी आणि आसामकडचे चहाचे मळे, या तिन्हींतल्या बायकांसाठी ते होते. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे, आणि त्या काळात पैसे. पैसे कोणी द्यायचे? इथे जोशींचा शहाणपणा दिसतो. ज्या मालकाकडे बाई काम करते त्याच्या खिशातून थेट पैसे काढायचे नाहीत. प्रांतिक सरकारांनी एक निधी उभारावा, त्यात मालकांकडून वर्गणी घ्यावी आणि निधीतून बाईला द्यावे.

यात फरक काय, असे कोणी विचारील. फरक मोठा आहे. एका मालकाकडे शंभर बाया आणि दुसऱ्याकडे शंभर पुरुष असले, आणि प्रत्येकाने आपल्यापुरते द्यायचे ठरले, तर पहिला मालक म्हणेल की पुढच्या वर्षी मीही पुरुषच घेतो. निधी असला तर बाई ठेवण्याचा दंड कोणा एकाच्या माथी येत नाही.

त्या काळी या कल्पनेवर जे आक्षेप घेतले जात ते ऐकून आजही हसू येते. म्हणे, आमच्या बायका बाळंतपणाला माहेरी जातात, त्यांना कायदा कशाला? म्हणे, दाखला द्यायला स्त्री-डॉक्टर आहेत कुठे? डॉक्टर नव्हत्या हे खरे होते. पण डॉक्टर नाहीत म्हणून बाळंतपणे थांबली नव्हती! सरकार विरुद्ध गेले आणि १९२५ साली विधेयक फेटाळले गेले.

जे दिल्लीत झाले नाही ते मग मुंबईत झाले. मुंबई कायदे कौन्सिलात असवले नावाच्या सभासदांनी १९२८ साली तसेच विधेयक आणले. त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि हा भार खरे म्हणजे सरकारने मोठ्या प्रमाणात उचलायला हवा, पण सरकार उचलत नसेल तर मालकाने उचलणे अन्यायाचे नाही, अशा अर्थाची बाजू त्यांनी मांडली. त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप चालू होता आणि संपाच्या समितीत जोशी होते. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातील या प्रकारचा तो पहिला कायदा. बाईला रोज आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे. मुंबईच्या गिरणीतील बाईच्या सरासरी रोजापेक्षा हे कमीच होते. तरी काहीच नव्हते तिथे आठ आणे आले.

पण पैसे द्यायचे ते मालकाने, थेट. जोशींचा निधी त्यात नव्हता. पुढे व्हायचे तेच झाले. पोट दिसू लागले की बाईला कामावरून कमी करणारे मालक निघाले, आणि लग्न झालेल्या मुली नकोत म्हणणारेही निघाले. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील बायकांचे प्रमाण घसरतच गेले. याला नवी यंत्रे, रात्रपाळी अशी दुसरी कारणेही होती, सगळा दोष कायद्यावर घालता येणार नाही. पण जोशींनी जो दरवाजा बंद करायला सांगितला होता तो उघडा राहिला, हे नाकारता येत नाही.

१९२९ सालीच जोशी मजुरांवरील रॉयल कमिशनवर सभासद म्हणून गेले. १९३१ साली त्या कमिशनने बाळंतिणींच्या साहाय्याचा कायदा सगळ्या देशात करावा आणि जिथे बायका पुष्कळ आहेत तिथे कारखान्यात पाळणाघर ठेवावे, असे सांगितले. हळूहळू एकेका प्रांतात कायदे झाले. खाणींतल्या बायकांसाठी १९४१ साली झाला. १९४८ साली कामगार राज्य विमा आला. त्यात मालक आणि कामगार दोघांकडून वर्गणी घेऊन बाळंतिणीला पैसे देण्याची सोय झाली. जोशींनी पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलेली वाट अखेर कोणीतरी धरली.

जोशींवर टीकाही पुष्कळ झाली. ते मवाळ होते. सरकारी समित्यांवर बसत, लंडनला गोलमेज परिषदेला गेले. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली तेव्हा जोशी आणि त्यांच्या मताचे लोक बाहेर पडले. तरुण कार्यकर्त्यांना ते फार सावकाश वाटत. मला या टीकेत थोडे तथ्य वाटते. परंतु संपाच्या वेळी ते मजुरांसोबत उभे राहिले, आणि पुढे संघटना एक झाल्यावर जुन्याच विरोधकांबरोबर त्यांनी तिचे सरचिटणीसपद सांभाळले. रुसून घरी बसणारा हा माणूस नव्हता.

आता गालाच्या त्या विम्याकडे परत पाहू. ओमानमध्ये प्रसूती-रजेच्या विम्यासाठी मालकाला पगाराच्या एक टक्का वर्गणी भरावी लागते, आणि ती बाईच्याच नव्हे तर पुरुष नोकराच्या पगारावरही. रजेचा पगार त्या निधीतून येतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी दिल्लीत फेटाळलेल्या विधेयकाचा गाभा आज अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठावर चालू आहे. आपल्या बेटावर रजा २०२४ साली १४ आठवड्यांवरून १६ आठवड्यांवर गेली, ही आनंदाची गोष्ट. पण रजेचा पगार मालकानेच द्यायचा, ही आपली रीत आहे. लहान दुकानदार मुलीला नोकरी देताना लग्न कधी म्हणून का विचारतो, हे आपण सगळे जाणतो.

जोशी ३० मे १९५५ रोजी मुंबईत वारले. साऱ्या भारतासाठी प्रसूती-साहाय्याचा एकच कायदा १९६१ साली झाला. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी त्यात दिलेली होती. २०१७ साली भारतात रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे केली गेली, आणि पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. राज्य विम्यात नसलेल्या बाईचा या २६ आठवड्यांचा पगार मालकालाच भरावा लागतो.

मुंबईतला डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग आहे. त्या भागातल्या गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या जागी काचेच्या उंच इमारती झाल्या आहेत आणि त्यांत हजारो मुली कामाला जातात.