मिरजेचे खाँसाहेब

आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना गावी १८७२ मध्ये जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ चिरविश्रांतीला आले ते मिरजेच्या मातीत. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

घराणे गवयांचे आणि सारंगियांचे. तरुणपणी ते बडोदा दरबारी गायले. तिथेच मराठा सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले. दोघांनी बडोदा सोडले, मुंबई गाठली. पुढे खाँसाहेब मिरजेत स्थिरावले. मिरज तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते आणि तंबोरे-सतारींच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध होते. प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेने आपण उठलो, अशी त्यांची श्रद्धा असल्याचे सांगतात. दर्ग्यात ते सेवा म्हणून गात.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुसलमान उस्तादाने शाळेला दिलेले हे नाव आज कुणाला नवल वाटेल. त्यांना त्यात वावगे वाटले नाही. शिष्य गुरुगृही राहत, जेवत आणि जलशांच्या उत्पन्नावर खर्च भागे. कुंदगोळचे रामचंद्र, म्हणजेच सवाई गंधर्व, हे त्यांचेच शिष्य. म्हैसूर दरबारी जाऊन त्यांनी कर्नाटक संगीत आत्मसात केले, त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित केली. मराठी नाट्यपदेही त्यांच्या गळ्यातून ध्वनिमुद्रिकांवर उतरली. इतरांचे असे मनापासून घेताना त्यांनी स्वतःचा नमाज मात्र सोडला नाही.

या मिलाफाची किंमतही त्यांना मोजावी लागली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुले हिंदू नावांनी वाढली. सकीना सरस्वती राणे झाल्या, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, थोरले सुरेशबाबू माने झाले. मुलांच्या नावातून बापाचे नाव गेले. गळ्यातून मात्र ते पुसता आले नाही. मैफलीत हिराबाईंचा पहिला षड्ज लागला की जाणकारांना किराणा घराणे ओळखू येई.

ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले, नमाज अदा केला, दरबारी कानड्यात कलमा आळवला आणि तिथेच प्राण सोडला, अशी हकीकत शिष्यपरंपरेत सांगितली जाते. देह मिरजेला आणून दफन करण्यात आला.

१९४९ मध्ये मिरज दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. सरकारदप्तरी गावाची ओळख अशी बदलत गेली. दर्ग्याची रीत टिकून आहे. मीरासाहेबांच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. त्याच उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गायक आधी दर्ग्यासमोर माथा टेकतो, मग तंबोरा जुळवतो. श्रोत्यांत कोण कुठल्या धर्माचा, हे तिथे कुणी विचारत नाही.