ध्यानचंद : जादूआड दडलेला खेळ

ध्यानचंद यांच्या हॉकीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात जादू या शब्दाचा इतका सढळ वापर झाला आहे की, तो खेळ नेमका कसा होता हा प्रश्नच मागे पडावा. काठीत लोहचुंबक असल्याच्या संशयाने हॉलंडमध्ये ती मोडून पाहिली गेली, ही दंतकथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या वेळी संघातील बाकीचे दहा जण कोठे उभे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक त्यांच्या यशाचे मर्म काठीपेक्षा तेथेच अधिक सापडते.

२९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेस जन्मलेला हा सैनिकाचा मुलगा १९२२ साली स्वतः पलटणीत दाखल झाला. तेथे सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्याला हॉकीचे पहिले धडे दिले. त्या काळी पाच फॉरवर्ड, तीन हाफबॅक, दोन फुलबॅक आणि गोलकीपर अशी संघाची मांडणी ठरलेली असे. ऑफसाइडचा नियमही कडक होता. चेंडूच्या पुढे असलेल्या आक्रमकाला पास द्यायचा तर त्याच्या पुढे प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. ही संख्या १९७२ साली दोनवर आली आणि १९९०च्या दशकात तो नियमच रद्द झाला. पण ध्यानचंद यांच्या वेळी गोलापाशी चेंडूची वाट पाहत उभे राहण्याची सोय नव्हती. मागून धावत यायचे, आणि धाव व पास यांची वेळ अचूक जुळवायची. क्षणभर घाई झाली तर शिट्टी वाजे. उशीर झाला तर बॅक चेंडू हिरावून घेई.

अशा रचनेत सेंटर फॉरवर्डचे खरे काम कोणते? प्रतिपक्षाचा सेंटर हाफ आणि बॅक त्याच्याकडे खेचले गेले की, दोन्ही बाजूंच्या इनसाइड फॉरवर्डांपुढे क्षणभर मोकळे मैदान पडते. चेंडू कवटाळून बसल्यास ती जागा लगेच बुजते. ध्यानचंद यांचे ड्रिब्लिंग अप्रतिम होते, पण त्याचा वापर ते काटकसरीने करीत. आक्रमण ओढवून घेण्यापुरते ड्रिब्लिंग, आणि लगेच पास. १९४७च्या पूर्व आफ्रिका दौऱ्यात त्यांच्यासमवेत खेळलेले केशव दत्त यांनीही त्यांची थोरवी मनगटापेक्षा बुद्धीत पाहिली. बुद्धिबळाच्या पटासारखे मैदान त्यांना दिसे, असा त्यांचा अभिप्राय होता.

आकडेही हेच सुचवितात. १९२८च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले, एकही स्वीकारला नाही. त्यांतील १४ ध्यानचंद यांचे. (या संघाला मुंबईच्या बंदरावर निरोप द्यायला अवघे तीन जण आले होते!) १९३२ साली लॉस एंजेलिसला मात्र धाकटे बंधू इनसाइड लेफ्ट रूपसिंग यांचे १३ गोल झाले आणि थोरल्यांचे १२. अमेरिकेविरुद्धच्या २४-१ या सामन्यातही रूपसिंग यांनी दहा गोल केले, ध्यानचंद यांनी आठ. मधला खेळाडू वाट मोकळी करून देत असल्याचीच ही खूण मानली पाहिजे.

सर्वांत बोलका पुरावा बर्लिनचा आहे. १७ जुलै १९३६ रोजी सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरविले. ध्यानचंद कर्णधार होते, आणि तथाकथित जादूची काठी त्यांच्या हातीच होती! पराभवानंतर त्यांनी नशिबाला दोष दिला नाही. फॉरवर्डांच्या फळीतील उणीव हेरून इनसाइड राइटच्या जागेसाठी अली दारा यांना भारतातून बोलावून घेण्यात आले. उपांत्य सामन्याआधी ते पोहोचले आणि फ्रान्सचा १०-० असा धुव्वा उडाला. १५ ऑगस्टला ओलसर मैदानावर जर्मनीविरुद्ध मध्यंतरापर्यंत एकच गोल झाला होता. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले; सामना ८-१ असा संपला. एका जागेवरचा माणूस बदलल्याने सगळी फळी बदलली.

लष्करातून मेजर म्हणून १९५६ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचे काम केले. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. मैदान बदलले की धावांचे अंतर बदलते, पासची वेळ बदलते, हे युरोपीय संघांनी लवकर ओळखले. आपण मात्र दुसऱ्या जादूगाराची वाट पाहत राहिलो. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत ध्यानचंद यांचे निधन झाले. झाशीच्या ज्या हॉकी मैदानाशी त्यांचे नाते होते, तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.