नगरला घडलेली शिक्षिका : सावित्रीबाई फुले

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाईंचे नाव घेतले की पुण्याचा भिडे वाडा आठवतो. आपले अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. नवव्या वर्षी विवाह झाल्यावर अक्षरे शिकविली ती जोतीरावांनी. वर्ग कसा चालवावा, याचे शिक्षण मात्र त्यांनी नगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्याकडे घेतले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली. रस्त्यात अंगावर आलेल्या शेणादगडांविषयी पुष्कळ लिहिले जाते. वर्गात काय रुजले, याविषयी थोडेच.

सातवीला इतिहास शिकविताना आम्ही मुक्ता साळवेचा निबंध हाती घेतो. फुले दांपत्याच्या शाळेतील ही मातंग मुलगी अवघी चौदा वर्षांची. मूळ नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’त १८५५ साली तिचा निबंध छापून आला. पेशवाईत मांग-महारांना इमारतींच्या पायात गाडले जाई, हे तिने निर्भयपणे नोंदविले. वेद ज्यांना वर्ज्य, त्यांचा धर्म तरी कोणता, असे थेट देवालाच विचारले. नुसत्या सनावळ्या घोकून घेतल्या असत्या, तर हा प्रश्न उमटला नसता, असे आमचे मत आहे. आपल्या समाजाला त्याचे उत्तर मिळण्यास १९५६ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

जोतीरावांच्या पश्चात सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे कार्य चालू ठेवले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी पुण्यात त्यांचे परिनिर्वाण झाले.